रिचार्जवर चालणारी शाळा कोणाची?

"दहा-बारा लेकरांसाठी दोन मास्तर कशाला? आता सगळे मोबाईलवर मिळते." हे वाक्य जालना जिल्ह्यात पंचायत समितीच्या आवारात, बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर आणि कधीकधी सुशिक्षितांच्या बैठकीतही ऐकू येते. बोलणारा मनुष्य दुष्ट असतो असे नाही. आपल्या खिशातल्या यंत्रात जगाचे ज्ञान साठवलेले आहे असे त्याला मनापासून वाटते. आणि ज्ञान जर घरपोच येत असेल तर इमारत, फळा, दुपारची खिचडी आणि मास्तरांचा पगार यांचा बोजा समाजाने का सोसावा, असा त्याचा भाबडा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे. परंतु चुकीचा आहे एवढे म्हणून भागणार नाही. तो नेमका कोठे चुकतो आणि त्या चुकीची किंमत कोण मोजतो, हे मांडून दाखवणे आवश्यक आहे. कारण उद्या एखाद्या वाडीवस्तीवरची शाळा बंद करण्याचा विचार पुढे येईल, तेव्हा त्याला आधार म्हणून हेच वाक्य वापरले जाईल.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमचा यंत्राला विरोध नाही. जाफराबाद तालुक्यातल्या खेड्यातून अकरावी विज्ञानाला गेलेल्या मुलीला गणिताचा चांगला प्राध्यापक मिळणे आजही सोपे नाही. तिला एखादा धडा पडद्यावर तीनदा थांबवून, मागे नेऊन पाहता आला, तर त्याचे मोल कोणी नाकारू नये. ज्वालामुखीचा उद्रेक, हृदयाचे स्पंदन, प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत रसायनांची प्रक्रिया, हे सारे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा चलच्चित्रातून अधिक नीट उमगते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर छापलेल्या क्यूआर कोडमधून आणि २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी मंचावरून असे साहित्य मराठीत आणि विनामूल्य उपलब्ध झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. साधनाच्या उपयुक्ततेविषयी वाद नाही. साधन कोणाच्या मालकीचे आहे, ते कोणाच्या हाती पडते, त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो आणि त्याच्या नावाखाली काय काढून घेतले जात आहे, हे खरे प्रश्न आहेत. ज्याने आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले त्याला 'मूल्य' हा शब्द ऐकताच हे प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

दूरचित्रवाणी गावाची होती

पडद्यावरून शिकवण्याचा प्रयोग आपल्या देशाला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' या नावाने उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीवरून शिक्षण देण्याचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. परंतु जुन्या हैदराबाद संस्थानात मराठवाड्याचे शेजारी असलेले गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्यात होते. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम दाखवले जात. त्या प्रयोगात उणिवा होत्या. उपग्रह अमेरिकेकडून उसना घेतलेला होता आणि वर्ष सरताच प्रयोगही संपला. तरीही त्यातील एक तत्त्व आज आठवण्याजोगे आहे. संच सार्वजनिक होता. तो शाळेत किंवा पंचायतीच्या जागेत ठेवलेला होता आणि त्याच्यासमोर पाटलाचे पोर व सालगड्याचे पोर एकाच जमिनीवर बसत असे. यंत्र गावाचे, म्हणून शिक्षण सर्वांचे, असा तो सरळ व्यवहार होता.

महाराष्ट्राने या दिशेने स्वतःचे पाऊल १९८४ साली टाकले. पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था निघाली आणि दूरदर्शनवरून तिचे कार्यक्रम एका संपूर्ण पिढीने पाहिले. शासनाने तिला निधीअभावी खुरटू दिले आणि २०१७ मध्ये ती बंद केली. तीनच वर्षांनी महामारी आली आणि ज्या शासनाने मुलांसाठी मराठी कार्यक्रम घडवणारी आपली संस्था मोडीत काढली होती, त्याच शासनाला पडद्यावरच्या शाळेची एकाएकी निकड भासली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही चांगली मालिका सुरू झाली, परंतु ती एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनने घडवलेली होती. तिच्या कर्त्यांचे कौतुक केलेच पाहिजे. मात्र सार्वजनिक संस्था आधी मोडायची आणि गरज पडली की इतरांच्या दारी जायचे, या कारभाराचे कौतुक कोणत्या तोंडाने करावे?

एका घरातील टंचाई

मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग त्या नोव्हेंबरात आणि पाचवी ते आठवीचे वर्ग जानेवारी २०२१ मध्ये काही काळ उघडले आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले. सर्वांत लहान मुलांची, म्हणजे ग्रामीण भागातील पहिली ते चौथीची शाळा १ डिसेंबर २०२१ रोजी उघडली. वीस महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. मार्च २०२० मध्ये जे मूल पहिलीत अक्षरे गिरवत होते, ते पुन्हा वर्गात आले तेव्हा तिसरीत होते. या काळात 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' अशी घोषणा राज्यभर झाली. घोषणेचा पूर्वार्ध अक्षरशः खरा होता.

उत्तरार्धाची परीक्षा मंठा तालुक्यातील एका वाडीवरच्या घरात आम्ही पाहिली. कुटुंबात तीन मुले. थोरला नववीत, मधली मुलगी सहावीत, धाकटा तिसरीत. घरात स्मार्टफोन एक. बाप जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील लोखंडी सळईच्या कारखान्यात कामाला. तो पहाटे मोटारसायकलीवर निघे तेव्हा फोन त्याच्याबरोबर जाई आणि रात्री आठच्या सुमारास परत येई. म्हणजे दिवसभराचा वर्ग फोनवर येई आणि फोन कारखान्यात असे. रात्री जो वेळ उरे त्याचे वाटप आई करी. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, फोन थोरल्याला देते, पुढच्या साली त्याची दहावी हाय. पोरगी बघती अर्धा घंटा. धाकटं लहान हाय अजून, शिकंल पुढं."

त्या माउलीला दोष देण्याचे कारण नाही. टंचाईच्या वस्तूचे वाटप कसे होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. वस्तू अपुरी असली की ती जेथून लवकर फळ मिळण्याची आशा असते तेथे जाते. घराच्या हिशेबात ते फळ थोरल्या मुलाकडे असते. मुलगी दुसऱ्या क्रमांकावर आणि लहानगे शेवटी. समाजाचा हिशेब याच्या नेमका उलट आहे. वाचनाचा पाया पहिल्या तीन इयत्तांत घातला जातो आणि ज्याचा तो पाया हुकला त्याचे पुढचे सारे शिक्षण डळमळते. म्हणूनच समाजाने शाळा नावाची संस्था निर्माण केली. घरातल्या टंचाईने ज्याला शेवटी बसवले असते, त्याला शाळेत पहिल्या बाकावर बसता येते. शाळा बंद होऊन तिची जागा फोनने घेतली, तेव्हा शिक्षणाचे वाटप सार्वजनिक नियमातून निघून घरातल्या टंचाईच्या नियमाकडे गेले. आमच्या मते या काळात झालेले हे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले गेलेले स्थित्यंतर होय.

खर्च नाहीसा झाला नाही, सरकला

ऑनलाइन शिक्षण स्वस्त असते, असे सांगितले जाते. कोणासाठी स्वस्त, हे सांगितले जात नाही. वर्गखोली, प्रकाश, बसण्याची जागा, मुलांवर लक्ष ठेवणारे प्रौढ माणूस आणि दुपारचे जेवण, हे शाळा चालू असताना समाज पुरवतो. शाळा घरात आली की हे सारे घराने पुरवायचे असते. वर यंत्र आणि रिचार्जही घरानेच विकत घ्यायचे असते. खर्च नाहीसा होत नाही. तो सरकारच्या अंदाजपत्रकातून मजुराच्या खिशाकडे सरकतो आणि अंदाजपत्रकात बचत झाल्याचा आभास निर्माण होतो.

साधा हिशेब करून पाहू. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला २३८ रुपये मजुरी होती. सात हजार रुपयांचा साधा फोन घ्यायचा तर मजुराची जवळजवळ ३० दिवसांची संपूर्ण मजुरी त्यात जाई. महिन्याच्या रिचार्जला आणखी एका दिवसाची. आणि याच सुमारास सरकारने काय केले? १४ मार्च २०२० रोजी, म्हणजे शाळांना कुलूप लागत असतानाच, वस्तू व सेवा कर परिषदेने मोबाईल फोनवरील कर १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेण्याचा निर्णय घेतला आणि १ एप्रिलपासून तो अमलात आला. सात हजारांच्या फोनमध्ये हजारावर रुपये कराचे, म्हणजे मजुराची साडेचार दिवसांची कमाई. रिचार्जवरही १८ टक्के कर होताच. शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण देण्याचे दायित्व १ एप्रिल २०१० पासून सरकारवर आले. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, शिक्षणाचे एकमेव उरलेले दार म्हणून जे यंत्र पुढे केले गेले त्यावरचा कर वाढला. यात कोणाचा कट होता असे आम्ही म्हणत नाही. कट नव्हता, हेच अधिक गंभीर आहे. खंडपीठांपासून मंत्रालयांपर्यंत मजुराच्या मुलाची शाळा आणि मजुराच्या फोनवरचा कर यांचा संबंध वेळीच कोणाच्या ध्यानात येऊ नये, इतके हे मूल राज्यकर्त्यांच्या नजरेबाहेर आहे.

आकडे काय सांगतात

महामारीपूर्वीच्या, २०१७-१८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील १५ टक्क्यांहून किंचित कमी कुटुंबांत इंटरनेटची सोय आढळली होती. संगणक असलेली कुटुंबे ४.४ टक्के. पुढे फोन वेगाने वाढले, हे खरे. 'असर'च्या २०२१ च्या पाहणीत शाळेत दाखल असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. परंतु त्याच पाहणीने दाखवले की ज्यांच्या घरी फोन होता त्यांतीलही २६ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. घरात फोन असणे आणि मुलाच्या हाती फोन असणे यांतील अंतर म्हणजेच मंठ्याच्या त्या माउलीचे वाटप.

ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांत सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागातील अवघी ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुले मुळीच शिकत नव्हती. परिणाम पुढच्या वर्षी मोजला गेला. 'असर'नुसार तिसरीत असून दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे देशातील प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले. शाळा उघडल्या, शिक्षक वर्गात आले, पायाभूत वाचनावर भर दिला गेला आणि २०२४ च्या पाहणीत हे प्रमाण २७.१ टक्क्यांवर परत आले. ऑनलाइन शाळेने जे गमावले ते उघड्या शाळेने दोन-तीन वर्षांत भरून काढले. ज्यांना पुरावा हवा आहे त्यांनी हे आकडे पाहावेत. आणि ज्यांना यावर समाधान मानायचे आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तूट भरून निघाल्यावरही तिसरीतल्या चार मुलांपैकी जवळजवळ तिघांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही.

त्याच २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतील ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात तो शिक्षणाशी संबंधित कामासाठी वापरला. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. यंत्र हाती आले म्हणजे शिक्षण आले, या समजुतीला हे पुरेसे उत्तर आहे.

ऊसतोडीच्या टोळीतले मूल

हा प्रश्न जालन्यात विशेष टोकदार का होतो? १ मे १९८१ रोजी निर्माण झालेल्या या जिल्ह्याने सळईचे कारखाने आणि बियाणे उद्योग उभे केले, मोसंबीला नाव मिळवून दिले. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३ टक्के असताना जालन्याची ७१.५ टक्के होती, आणि स्त्रियांची ६१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आज ज्या मुलांना 'घरी बसून शिका' असे सांगितले जाते, त्यांतील कित्येकांच्या आईला त्यांचा अभ्यास वाचून दाखवता येत नाही. शिकलेल्या आईच्या घरात ऑनलाइन शिक्षणाला एक बिनपगारी शिक्षिका मिळते. अंबड-घनसावंगीच्या मजूर घरात ती आई कापूस वेचायला गेलेली असते. एकच धडा दोन्ही घरांत पोहोचतो. फळ मात्र निराळे मिळते.

त्यात भर पडते स्थलांतराची. दिवाळी सरली की उचल घेतलेली जोडपी मुकादमामागून टोळीने कारखान्यांच्या प्रदेशात जातात आणि चैत्राच्या आगेमागे परततात. मूल बरोबर गेले तर शाळा सुटते. आजीपाशी ठेवले तर त्याच्या जेवणाची पंचाईत. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्याचा निर्णय घेतला. बीड आणि तेव्हाच्या अहमदनगरप्रमाणे जालना जिल्हाही त्यात आहे. या कामाची गती आणि दर्जा यांवर लक्ष ठेवणे हे आपले काम आहे.

आता कोणी म्हणेल, वसतिगृहे कशाला? कोपीवरच्या मुलाला फोनवर शिकवा. आमचे उत्तर असे: फोनचा उपयोग जरूर करा, पण कशासाठी, ते ठरवून करा. मूल टोळीबरोबर गेलेच असेल तर त्याच्या गावच्या गुरुजींनी आठवड्यातून दोनदा त्याच्याशी बोलावे, त्याची वही पाहावी, जेथे टोळी उतरली तेथील शाळेच्या मुख्याध्यापकांशी त्याची गाठ घालून द्यावी. एवढ्यासाठी फोन अमोल आहे. फोनने मूल शाळेशी बांधलेले राहते. परंतु कोपीत संध्याकाळी धाकट्या भावंडाला सांभाळून चुलीपाशी बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती फोन देऊन 'हिच्या शिक्षणाची सोय झाली' असा शेरा मारणे, ही फसवणूक ठरेल. तिला छप्पर, जेवण आणि शिक्षिका हवी आहे. शाळेपासून तुटलेल्या मुलीच्या वाट्याला पुढे काय येते, तेही आपण जाणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अठरा वर्षांच्या आत विवाह झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के आढळले. जालन्यात ते त्याहून बरेच अधिक आहे. शाळेचे दार हा मुलींसाठी एक पहाराही असतो आणि पडदा हा पहारा देऊ शकत नाही.

मास्तराच्या हातातले साधन

मग ऑनलाइन साधनांचे खरे मूल्य कोठे आहे? ते मास्तराच्या हातात आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या त्यांच्या कामामुळे. त्याचा अर्थ पुष्कळांनी 'तंत्रज्ञानाचा विजय' असा लावला. पुरस्काराचे नाव तरी नीट वाचावे; तो शिक्षकाला मिळाला. महामारीत सोलापुरात वस्तीच्या भिंतींवर धडे रंगवले गेले, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकातून 'बोलकी शाळा' भरली. आपल्या जिल्ह्यातही अनेक गुरुजी मोटारसायकलीवर वाड्यावस्त्यांवर गेले, ओसरीवर आणि मारुतीच्या पारावर चार-चार मुले अंतर राखून बसवली, कागदावर उदाहरणे लिहून वाटली. साधने निरनिराळी होती. जेथे शिक्षण चालू राहिले तेथे मागे एक शिक्षक उभा होता, ही गोष्ट समान होती. २०२३ साली युनेस्कोने आपल्या शिक्षणविषयक जागतिक अहवालात तंत्रज्ञानाबद्दल हाच प्रश्न मध्यभागी ठेवला: हे साधन कोणाच्या अटींवर? आम्हीही तेच विचारतो.

या अटी बाजाराने ठरवल्या की काय होते, तेही पाहून झाले आहे. घरबसल्या शिकवणाऱ्या कंपन्यांत अग्रणी असलेल्या 'बायजूज'चे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर सांगितले जात होते. जुलै २०२४ मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. त्यापूर्वीच, डिसेंबर २०२१ मध्ये, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला अशा कंपन्यांशी करार करताना सावध राहण्याची सूचना पालकांना द्यावी लागली होती. बाजारात मूल्यांकन चढते आणि उतरते. जिल्हा परिषदेची शाळा भाग-भांडवलाच्या भावावर चालत नाही, हेच तिचे मूल्य आहे.

धोका कोठे आहे

२०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुलांना अन्यत्र पाठवण्याचे शासनाने ठरवले. सप्टेंबर २०२३ मध्ये 'समूह शाळा' ही कल्पना पुढे आली. तोरणमाळ आणि पानशेत येथील उदाहरणे दाखवून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांबाबत प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा असून त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार विद्यार्थी शिकत असल्याचे सांगण्यात आले. चांगल्या सोयींची मोठी शाळा ही वाईट गोष्ट नव्हे. परंतु पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा कायद्याचा दंडक आहे आणि तो सहा वर्षांच्या मुलीच्या पावलांचा विचार करून घातलेला आहे. ओढ्याला पाणी आले की पलीकडची समूह शाळा तिच्यासाठी नसल्यातच जमा. अशा वेळी 'पावसाळ्यात ती ऑनलाइन शिकेल' असे उत्तर कोणी दिले, तर साधनाचे रूपांतर सबबीत झाले असे समजावे. शाळेबरोबरच्या ऑनलाइन शिक्षणाचे आम्ही स्वागत करतो आणि शाळेऐवजीच्या ऑनलाइन शिक्षणाचा विरोध करतो. या दोहोंतील सीमारेषा कार्यकर्त्यांनी नीट ओळखली पाहिजे, कारण सरकारी कागदावर ती फार पुसट लिहिलेली असते.

कार्यकर्त्यांनी काय करावे

केवळ विरोधाने भागत नाही, म्हणून काही मागण्या मांडतो. पहिली, यंत्र पुन्हा गावाचे करा. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत चालू स्थितीतला पडदा, पुरेशी टॅबलेट आणि इंटरनेट जोडणी असावी, आणि शाळा सुटल्यावर दोन तास ती खोली गावातील सर्व विद्यार्थ्यांना, विशेषतः अकरावी-बारावीच्या मुलींना, खुली राहावी. दुसरी, शाळेचे वीजबिल शासनाने थेट भरावे. लोकवर्गणीतून 'डिजिटल' झालेल्या शाळांची वीज थकबाकीपायी तोडली गेल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचल्या आहेत. वीज नसलेला पडदा म्हणजे भिंतीला टांगलेला काळा आरसा. तिसरी, मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम घडवणारी सार्वजनिक संस्था पुरेशा निधीसह पुन्हा उभी राहावी. चौथी, शिक्षकांची रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे जे ओझे शिक्षकांवर टाकले आहे ते उतरवावे. पडद्याने मुलांना शिकवण्यापूर्वी मास्तरांना कारकून करून टाकले आहे, ही तक्रार प्रत्येक शाळेत ऐकू येते. पाचवी, ऊसतोड मजुरांच्या मुलांची वसतिगृहे हंगाम सुरू होण्यापूर्वी उघडावीत, निम्मा हंगाम सरल्यावर नव्हे.

आणि एक काम सरकारकडे न मागता आपण स्वतः करण्याजोगे आहे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील तीन शाळा निवडाव्यात. तेथे किती मुले पटावर आहेत, किती हजर असतात, पडदा चालतो की नाही, वीज आहे की नाही, दिवाळीनंतर किती मुले टोळीबरोबर गेली, आणि तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येते, एवढी माहिती एका वहीत लिहावी. ती शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. घोषणेपेक्षा अशी वही अधिक काम करते, हा आमचा अनुभव आहे. ग्रामसभेत शाळेचा विषय निघाला की पुढारी घड्याळ पाहतात. परंतु गावातल्या मुलांचा हिशेब नुसत्या मोघम बोलण्याऐवजी आकड्यांनिशी मांडला की सभा उठत नाही.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानेही तोच आकडा पुन्हा उच्चारला. चोपन्न वर्षे एकच आकडा लिहावा लागतो, याचा अर्थ तो कागदावरच राहिला. या पार्श्वभूमीवर स्वस्त पडद्याचा मोह सरकारला पडला तर नवल नाही. परंतु १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी जो मुद्दा मांडला होता, तो आजही जसाच्या तसा उभा आहे. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो कष्टकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या थराच्या पदरात पडतो. तेव्हा शेतसारा होता. आज रिचार्जवरचा कर आहे. मंठ्याच्या वाडीवरचा तो धाकटा आता वरच्या वर्गात गेला असेल. तिसरीत त्याचे जे हुकले ते त्याला कोणी भरून दिले काय, याची चौकशी करण्यास आपल्यापैकी कोणी तेथे जाणार आहे काय, हा या लेखाचा शेवटचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर फोनवर मिळणार नाही.